भाकरीचं बजेट

माझ्या धाकट्या मावशीनं आयुष्यात कुणालाही 'नक्की' असा शब्द दिलेला नाही, आणि अशी बाई झेडपीच्या निवडणुकीला उभी राहते, याहून मोठं नवल आमच्या पाथर्डीच्या बाजूला माझ्या हयातीत तरी झालेलं नाही. कुणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं की बाकीच्या बायका "येणार म्हंजी येणार" म्हणून मोकळ्या होतात. मावशी पत्रिका कपाळाला लावते आणि म्हणते, "जमलं तर येईन." मग हळदीच्या दिवशी सकाळीच तिथं हजर होते आणि मांडवातली शेवटची कढई घासून होईपर्यंत हलत नाही. एकदा शेजारची म्हैस व्यायला झाली होती. शेजारीण रडवेली होऊन विचारत होती, "काकू, व्हईल ना समदं नीट?" गोठ्यात जमलेल्या सगळ्यांनी "व्हय व्हय" केलं. मावशी म्हणाली, "मला काय इचारती? म्हशीला इचार." आणि पदर खोचून म्हैस मोकळी होईपर्यंत तिच्यामागं बसून राहिली. देवालासुद्धा ती कधी नवस बोलली नाही. म्हणे, "त्यानं त्याचं काम केलं आन माझ्याच्यानं फेडनं झालं न्हाई, मंग?"

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. नगरला खोली करून राहिले, राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, फर्स्ट क्लासमध्ये, आणि हे सांगताना मला कुणाची भीड वाटत नाही. निकाल लागला त्या दिवसापासून मावशीनं माझं पाळण्यातलं नाव टाकून दिलं. "बीए, ती बादली आन." "बीए, कोंबड्या झाक." तिच्या तोंडून ती पदवी इतकी घरगुती झाली, की कॉलेजच्या समारंभात साहेबांनी ती दिली तेव्हा वाटलं नव्हतं एवढं मला बरं वाटायचं. म्हणून ती उभी राहिल्यावर मी आपणहूनच जाऊन तिच्याकडं राहिले. लिहायला, वाचायला, आणि खरं सांगायचं तर बघायला.

झालं असं, की आमचा गट बायकांसाठी राखीव निघाला. पंधरवडाभर तालुक्यातले सगळे पुढारी आपापल्या बायकांकडं पहिल्यांदा बघतोय असं बघत होते. त्यातले दोघं-तिघं एका पक्षाचं तिकीट घेऊन काकांकडं आले. काका म्हणजे मावशीचे यजमान. दूध घालणारा, कमी बोलणारा, चार चांगल्या म्हशींचा धनी माणूस. पाहुणे ओट्यावर बसले. "दादा, तुमच्या नावाला गावोगाव मान हाये. फॉर्म वहिनींच्या नावानं भरू. वहिनींना तरास न्हाई. वहिनींनी फकस्त हात जोडून हुभं ऱ्हायचं." आतून भाकरी थापायचा आवाज थांबला. मावशी पिठाच्या हातानं दारात आली आणि तिनं अगदी शांतपणे विचारलं, "आन सोडायचे कवा?" पाहुण्यांना कळेना. "हात वो. जोडलेले हात सोडायचे कवा? पाच वर्सं तसंच बसायचं का?" पाहुणे चहा पिऊन गेले ते परत आले नाहीत. तिकीट दुसऱ्या घरी गेलं, आणि मावशीनं अपक्ष म्हणून स्वतः तहसीलला जाऊन फॉर्म भरला. चिन्ह म्हणून तवा मागितला होता, मिळालं कपाट. लगेच समोरच्यांच्या सभेत कुणीतरी बोललं, की काकूंचं कपाट रिकामं हाये. मावशीनं दुसऱ्या दिवशी त्याच गावात, त्याच पारावर सांगितलं, "रिकामं हाय म्हनून तर उघडून दावते. त्यांच्या कपाटाला कुलूप का हाय, तेवढं इचारून घ्या."

पण कपाटापेक्षा गाजल्या त्या तिच्या भाकरी. इतर उमेदवारांच्या सभेत पत्रकं वाटायचे. त्यात रस्ते, पाणी, शाळा, दवाखाना, विकास, पुन्हा रस्ते. मावशीच्या सभेत टोपली यायची. पहाटे उठून भाजलेल्या बाजरीच्या भाकरींची चवड ती पारावर फडक्यावर मांडायची, आणि समोर चुन्यानं मोठाले चौकोन काढायची. एक शाळेचा, एक पाण्याचा, एक रस्त्याचा, एक दवाखान्याचा. मग कमरेवर हात ठेवून म्हणायची, "ही आपल्या गटाची भाकर. जिल्हा परिषदेतनं आपल्याला एवढीच येनार. मी वाढवून आनीन म्हनले तर ते खोटं. या, आन तुमच्या हातानं वाढा." पहिल्या गावात माणसं आधी हसली, मग लाजली, मग एकाचं बघून एक उठली, आणि थोड्याच वेळात पारावर असं भांडण पेटलं की मला वाटलं, आता पोलिसांनाच बोलवावं लागतंय. पुरुषांनी भाकरी रस्त्यावर ठेवल्या. एका बाईनं येऊन आपल्या नवऱ्याची भाकर उचलली आणि पाण्याच्या चौकोनात आपटली. "हंडा तुमी आनता का?" तो म्हणाला, "अगं, समद्यांदेखत..." ती म्हणाली, "मंग हंडाबी समद्यांदेखत आना." एका आबांनी हात वर करून विचारलं, "आन मंदिराच्या सभामंडपाला कुठंशिक ठिवायची?" मावशी म्हणाली, "आबा, भाकर देवाला लागती. मंडपाला लागती का?" आबांनी विचार केला, आणि भाकर दवाखान्यात ठेवली. त्यांचे गुडघे दुखत होते.

या गडबडीत एक कुत्रं आलं आणि रस्त्याच्या चौकोनातली वरची भाकर घेऊन पळालं. पोरं मागं धावली. मावशी ओरडली, "पळू द्या रे! ती टक्केवारीत गेली." सगळा पार हसून आडवा झाला. ही गोष्ट आमच्या आधीच पुढच्या गावांना पोचली, कारण तिसऱ्या गावात आम्ही फडकं पसरतोय तोच एक म्हातारी पुढं आली, तिनं चवडीतली एक भाकर उचलून बाजूला दगडावर ठेवली आणि म्हणाली, "ही कुत्र्याची आधीच काढून ठिवा, म्हंजी हिशेबात घोळ न्हाई." मी कॉलेजात अंदाजपत्रक म्हणजे काय यावर उत्तरं लिहिली आहेत, मार्कही चांगले मिळवलेत. पण आख्खं गाव हिरिरीनं अंदाजपत्रक करताना मी तेव्हाच पाहिलं. एकदा न राहवून मी उठून जिल्हा परिषदेचे अधिकार समजावून सांगू लागले. मावशीनं माझा पदर ओढला. "बीए, खाली बस. भाकर गार व्हती."

शेवटची सभा मावशीच्या स्वतःच्या गावात, मारुतीच्या देवळापुढं. गाव काय मागणार हे सगळ्यांना माहीत होतं. डांबरी सडकेपासून गावापर्यंतचा रस्ता. पावसाळ्यात त्याचा असा राडा होतो, की दुधाचा टेम्पो सडकेवरच थांबतो आणि काकांसारखी माणसं कॅन खांद्यावर घेऊन चिखलातून जातात. एका पावसाळ्यात काका कॅनसकट पडले, तेव्हापासून त्यांचा उजवा खांदा नीट वर होत नाही. त्या संध्याकाळी माणसं एकामागं एक आली आणि सगळी चवड रस्त्याच्या चौकोनात गेली. काका शेवटी उठले. आपल्या बायकोकडं न बघता त्यांनीही आपली भाकर रस्त्यावरच ठेवली. मावशीनं ते पाहिलं. मग म्हणाली, "समदे आले का?"

"आले की," दूध संस्थेचा भाऊसाहेब म्हणाला.

"टेकडीवरची कुठं हायेत?"

"ती तोडीला गेलीत, काकू. तुमाला म्हाईत न्हाई का?"

टेकडीवरची वस्ती दिवाळी झाली की रिकामी होते. ट्रक येतात आणि राहुरी-नेवाशाच्या बाजूला, कुणाला आणखी लांब, ऊस तोडायला घेऊन जातात. पोरंही बरोबर जातात, कारण मागं त्यांना बघणार कोण? शाळेतले अर्धे बाक उन्हाळ्यापर्यंत मोकळे राहतात. पोरं परत येतात तेव्हा पाढे विसरलेली असतात, आणि दोन-तीन वर्षं असं झालं की शाळेतच येत नाहीत.

"मंग त्यांची भाकर कुनी ठिवायची?" मावशीनं विचारलं.

"काकू, ते मतालासुदीक यायचे न्हाईत," भाऊसाहेब हसला. "त्यांचं काय घेऊन बसलात?"

"भाऊसाहेब, तुझा ल्योक नगरहून रातच्याला यायचा आसला, तर तुझी बायकू त्याची भाकर झाकून ठिवती का तू खाऊन टाकतो?"

मावशीनं रस्त्यावरच्या चवडीतल्या वरच्या भाकरी उचलल्या, चुन्याची बोटं ओढून एक नवा चौकोन काढला, त्यात त्या ठेवल्या आणि वरून ताट पालथं घातलं. "ह्या तोडीवाल्यांच्या पोरांच्या वसतिगृहाच्या. आईबाप गेले तरी पोरं हितंच ऱ्हातील, शाळंत जातील. मी निवडून आले तर पह्यलं हे मागनार. रस्ता औंदा निम्मा व्हईल, निम्मा फुडल्या साली."

मग जे झालं ते मी तसंच्या तसं लिहू शकत नाही. "निम्मा रस्ता म्हंजी निम्मा चिखल!" "आधी आपलं घर बघा की काकू!" "गावानं मोठं केलं आन गावालाच?" मावशी सगळं ऐकत उभी राहिली. तिनं ताट उचललं नाही. मला तिची भीतीच वाटली तेव्हा. डोंगराच्या कड्याखाली उभं राहिल्यावर वाटते तशी.

घरी जाताना टोपली काकांच्या डोक्यावर होती. मग काका म्हणाले, "एक दिवस जरा खोटं बोलली असतीस तर काय झालं असतं?"

"बोलले असते वो," मावशी म्हणाली. "पन खोटं बोलायचं म्हंजी कोनाला काय सांगितलं ते ध्यानात ठिवावं लागतं. माझं पाठांतर लई कच्चं."

ती पडली. बाकीच्या गावांनी तिला भरभरून मतं दिली, पण तिच्याच गावानं दिली नाहीत, आणि तेवढ्यावरच गेलं. मोजणीच्या दिवशी निवडून आलेली बाई तहसीलच्या आवारात गुलालात उभी होती. मावशी गर्दी सारून तिच्यापुढं गेली, तिच्या डोळ्यांत जाणारा गुलाल तिनं पदरानं पुसला आणि म्हणाली, "पोरी, त्या तोडीवाल्यांच्या पोरांच्या वसतिगृहाचं तेवढं बघ." ती भाबडेपणानं म्हणाली, "नक्की बघते, काकू." परत येताना मावशी जीपमध्ये पदराचा गुलाल झटकत होती. मग मला म्हणाली, "नक्की म्हनली. म्हंजी अवघड हाय." काकांनी कुणाला मत दिलं हे तिनं त्यांना विचारलं नाही. मी विचारू का म्हटल्यावर माझ्या हातावर चापट मारली.

पावसाळ्याच्या आत रस्ता झाला. पूर्ण झाला, सडकेपासून गावापर्यंत आणि गावाच्या पुढं पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत. त्याच्यावरून सगळ्यांत आधी मावशीच चालत गेली, आणि जो भेटेल त्याला सांगत सुटली, "रस्ता चांगला झालाय. लई चांगला झालाय." ती टोमणा मारत नव्हती. रस्ता खरंच चांगला झाला होता, टेम्पो दारात येत होता आणि काकांच्या खांद्यावरचा कॅन सुटला होता. पण भाऊसाहेबाची मान खाली जायची.

यंदा दिवाळीला मी मावशीकडं होते. पाडवा झाला आणि ट्रक आले. पूर्वी ते सडकेवर थांबायचे. वस्तीवरची माणसं गाठोडी, कोंबड्या, शेरडं घेऊन चालत जायची, त्यात अर्धा दिवस जायचा. आता ट्रक थेट टेकडीला भिडले. बघता बघता भरले. मावशी एकेका ट्रकपाशी जाऊन वर बघत बोलत होती. "पोरं ठिवा की गं माझ्याकडं. हितं शाळा हाय." बाया वरून म्हणत होत्या, "आवो काकू, कितींची ठिवाल? तुमचं घर केवढं?" मावशी म्हणाली, "ते माझं मी बघीन." कुणी पोरगं उतरवलं नाही. शेवटच्या ट्रकमधल्या एका बाईनं मात्र, ट्रक सुरू झालेला असताना, आपली मुलगी खाली दिली. मावशीनं तिला वरच्यावर झेललं. पाठोपाठ एक दप्तर खाली आलं.

ट्रक गेला. डांबरी रस्त्यावर धूळसुद्धा उडाली नाही. पूर्वी निदान धुळीकडं बघत बराच वेळ उभं राहता यायचं. पोरीचा ओठ थरथरायला लागला. मावशीनं दप्तर आपल्या खांद्याला लावलं आणि तिचं बोट धरलं.

"हितं रडायचं न्हाई," ती म्हणाली. "हितं ऊन हाय. घरी जाऊ, च्या पिऊ, मंग बसून चांगलं रड. मीबी बसते."

पोरगी चालू लागली. मी मागून चालले होते. वळणावर मावशीनं एकदा मागं पाहिलं. रस्ता सरळ सडकेपर्यंत गेला होता, काळाभोर, नवाकोरा, आणि त्याच्यावर कुणीही नव्हतं.