पंख कुणी सोडला?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बारामतीच्या धावपट्टीवर विमानांची देखभाल करायचो. त्याआधी सणसरला ट्रॅक्टर दुरुस्त करत होतो, आणि ही गोष्ट आमचे साहेब दिवसातून एकदा तरी चारचौघांत काढत. साहेब म्हणजे विमान उडवायला शिकवणारे वैमानिक. ढगाळ दिवशीही डोळ्यांवर काळा चष्मा. आमच्याशी बोलताना आमच्याकडे बघत नसत.

मे महिन्यातली दुपार होती. वळवाचे ढग इंदापूरच्या बाजूनं चढले होते आणि वारा मध्येच झोडपून जात होता. कुणी बडे पाहुणे गाडी घेऊन आले होते. साहेबांना त्यांच्यापुढं दोन सीटचं छोटं विमान उडवून दाखवायचं होतं.

आमचे पहारेकरी, पिंपळीचे तात्या, साठीला आलेले. ते पुढं झाले. "साहेब, वारं पिसाळलंय. आज न्हाय काढलं तर बरं. काढायचंच आसंल तर आमी दोघं पंख धरून चालतो."

साहेब पाहुण्यांना ऐकू जाईल असं हसले. "तात्या, विमान आहे हे. बैलगाडी नाही. व्हा बाजूला."

वाऱ्याला तोंड करून ते सरळ धावपट्टीकडे गेले असते तर निभावलं असतं. पण त्यांना पाहुण्यांच्या गाडीपुढून मिरवायचं होतं. त्यांनी विमान वळवलं आणि वारा पाठीमागून आला. अशा वेळी विमान हाकायचा दांडा पुढं दाबून धरायचा, म्हणजे शेपूट खाली राहतं, हे शिकणाऱ्यांना ते पहिल्याच आठवड्यात ओरडून सांगायचे. स्वतः मात्र काचेतून हात हलवत होते.

वाऱ्याचा झोत आला. शेपूट उचललं, डावा पंख वर गेला. तात्या धावले आणि पंखाच्या टोकाला लटकले. मी पोहोचायच्या आत पंखानं त्यांना भिरकावून दिलं. विमानाचं नाक जमिनीवर आपटलं, पुढच्या पंख्याचं पातं वाकलं आणि इंजिन बंद पडलं.

साहेब उतरले. अंगावर ओरखडाही नव्हता. पहिलं काय विचारलं, तर "पंख कुणी सोडला?"

तात्या खांदा धरून मातीत बसले होते. मी म्हणालो, "धरू कुठं दिला तुम्ही?"

दवाखान्यात साहेब फिरकले नाहीत. पेढ्यांचा पुडा पाठवला. तात्यांनी तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दिला. "खा बाबा. माझ्या घशाखाली उतरायचा न्हाय."

साहेबांनी लिहिलेल्या अहवालात पहारेकऱ्यानं पंखाला हात लावल्यामुळं तोल गेला, असं होतं. खाली माझ्या सहीला जागा सोडली होती. मी सही केली नाही.

"ट्रॅक्टरवाल्याला काय कळतं विमानातलं?" ते चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना म्हणाले.

"शेपटावरची हलती फळी वर वळलेली मी बघितली," मी म्हणालो. "म्हणजे दांडा पुढं दाबायचा सोडून मागं ओढलेला होता."

अधिकाऱ्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब वळवाच्या वाऱ्यांवर बराच वेळ बोलले. शेवटी कागदावर दोष वाऱ्याचा ठरला, तात्यांचं नाव तेवढं अहवालातून वगळलं गेलं. महिन्याभरात साहेब दुसरीकडं गेले, जाताना तात्यांना भेटलेसुद्धा नाहीत.

तात्या पावसाळ्यात कामावर परत आले. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. साहेबांचा विषय निघाला की ते म्हणत, "जाऊ दे रं." मी जाऊ दिलं नाही. आजही कुणी त्या माणसाला साहेब म्हटलं की मला उठून जावंसं वाटतं.