कुसुमच्या उमेदवारीचे दिवस

नाशिकहून निघताना मुलाला सांगितलं, मैत्रिणीकडे जातेय, चार दिवस राहून येईन. ते खरंच होतं. आमच्या गावच्या नगराध्यक्षपदाची जागा या वेळी महिलांसाठी राखीव झाली होती आणि कुसुमच्या पक्षानं इच्छुकांना मुलाखतीला बोलावलं होतं. तिचा नवरा गोपाळ मासेमारीला जातो. होडीवर तो राजा असतो, पण चार माणसांत गेला की त्याचं तोंड शिवलेलं. "तू ये गो वसू," कुसुम फोनवर म्हणाली होती. "माका सोबत होयी." शाळेपासूनची मैत्रीण कधी काही मागत नाही, आणि मागते तेव्हा नाही म्हणता येत नाही.

आमचं गाव मालवण किनाऱ्यावरचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिकडच्या माणसांना ते दुसऱ्या ओळीतच कळेल.

सकाळी कणकवलीला रेल्वेतून उतरले आणि एसटीत बसले. कसालला बस हमरस्ता सोडून आत वळली, तशी खिडकीतून ओल्या पाचोळ्याचा आणि काजूच्या धुराचा वास आला. लग्न होऊन गेले तेव्हा हा रस्ता लाल मातीचा होता. आता डांबराचा आहे, पण वळणं तीच. डोळे मिटून बसले तरी कुठल्या वळणावर अंग कुठं झुकणार हे शरीराला आठवत होतं.

कट्टा गावात बसचं चाक पंक्चर झालं. ड्रायव्हर म्हणाला, दुसरी गाडी येईल. सगळे उतरून समोरच्या हॉटेलात चहाला गेलो. मी खाजं (गुळात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या) मागितलं. बाकावर निवडणुकीचीच चर्चा चालली होती.

"तिकीट अनुराधा म्याडमचाच," नारळाचं पोतं घेऊन उतरलेला एक प्रवासी म्हणाला. "पार्टीचे साहेब इले की तेंच्याच हॉटेलात रवतत."

"काय सांगतंस," हॉटेलवाला चहा गाळता गाळता म्हणाला. "जुन्या अध्यक्षांची सून पण मागता ना तिकीट. वरची मान्सा घराणा बगतत."

मला राहवेना. "आणि कुसुमताई?"

दोघंही हसले, त्या हसण्यात माया होती. "कुसुमताय बरी बाय," हॉटेलवाला म्हणाला. "दोनदा नगरसेवक झाली. मासळीबाजाराक छप्पर तिनाच घातल्यान. पण बऱ्या माणसाक तिकीट मिळाला, असा कदी आयकलात तुमी?"

मी खाजं चावत राहिले. तिची मैत्रीण आहे हे सांगितलं नाही. दुसरी गाडी आली तेव्हा मनात मोजदाद सुरू झाली होती: हॉटेलवाली अनुराधा, घराण्याची सून आणि कुसुम.

ती स्टँडवर आली होती. केस पांढरे झालेत, चालणं मात्र तेच, पुढं कुणी उभं असेल तर त्यानं बाजूला व्हावं असं. मी शुद्ध मराठीत काहीतरी बोलले तर म्हणाली, "नाशकाक जावन जीब इस्त्री करून हाडलंस काय गो?"

घर किनाऱ्यालाच लागून. दुपारी बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. जेवून पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) गेलो. आमच्या लहानपणी इथं रापण ओढत. किनाऱ्यावरून ओढायचं ते भलंमोठं जाळं. दोन्ही टोकांना अख्खी वाडी लागायची. आम्ही शाळेची दप्तरं होडीत टाकून दोराला हात लावायचो आणि वाट्याला चार तारले मासे आले की मिरवत घरी न्यायचो. आता पाण्यात पिवळ्या-केशरी रंगाच्या पर्यटकांच्या बोटी होत्या आणि माडांना स्कूबाचे फलक बांधलेले. दोन हॉटेलांच्या मधल्या पट्ट्यात मासेमारांच्या होड्या ओढून ठेवल्या होत्या, एकमेकींना टेकून.

"एवढीच जागा रवली," कुसुम म्हणाली. "थंय आता बाकडी घालून चौपाटी करूची म्हणतत. मगे होडये खंय न्हेवचे? माज्या माडीर?"

तेव्हा मला कळलं की तिला खुर्ची कशासाठी हवी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर मासळीबाजारात गेले. आमच्या शाळेच्या दिवसांत कुसुमची आई तिथंच रस्त्यावर उन्हात गोणपाट डोक्यावर घेऊन बसायची. कुसुम अर्ध्या सुट्टीत तिला पेज पोचवायला धावायची. आज त्या जागी छपराखाली ओटे आहेत. प्रत्येक ओट्यावरून एकच हाक: "कुसुमताय, तुकाच मिळतला!" फक्त बायो म्हणून एक म्हातारी, कुसुमच्या आईच्या शेजारी बसणारी, सुरमईचे तुकडे करता करता म्हणाली, "माका नाय वाटणा. तुका गप रवाक येणा नाय. तेंका गप रवणारी होयी."

कुसुम हसली खरी, पण घ्यायची मासळी न घेताच घराकडे वळली.

मुलाखती कुडाळला एका मंगल कार्यालयात होत्या. गोपाळनं ओळखीची रिक्षा ठरवून दिली आणि स्वतः जाळं घेऊन बसला. कुसुमनं मोरपिशी साडी नेसली होती. कार्यालयात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जिल्हाभरातले इच्छुक आणि त्यांची माणसं. कोण आधी आत गेलं, कोण किती वेळ आत होतं, बाहेर येताना चेहरा कसा होता, यावरून अंदाज बांधणं चाललं होतं. जुन्या अध्यक्षांची सून लवकर बाहेर आली, तर एकानं सांगितलं, पत्ता कट. दुसरा म्हणाला, आधीच ठरलंय म्हणून लवकर सोडली.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथं एक चाळिशीची बाई येऊन बसली आणि पाणी आहे का म्हणाली. बाटली देताना तिचा हात लागला, बर्फासारखा होता. तीच अनुराधा. माहेर सांगलीचं, बोलणं हळू. "मिस्टरांनी नाव दिलंय माझं," ती म्हणाली. "मला परवा कळलं." मी तिला आणखी थोडं पाणी प्यायला सांगितलं. खरं तर मला तिचा राग यायला हवा होता.

परतताना कर्ली नदीच्या पुलावर कुसुमनं रिक्षा थांबवली. खाली खाडीचं पाणी संथ, काठानं माडांच्या रांगा. ती कठड्याला टेकून उभी राहिली.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"खूप कायकाय. शेवटी विचारल्यानी, तुमका नाय मिळाला तर ज्येका मिळात तेचा काम करशात?"

"मग?"

"करीन म्हटलंय." कठड्यावरचा हात काढून ती रिक्षाकडे वळली. "दुसरा काय सांगतलंय? पंचवीस वर्सां ह्याच पार्टीत आसंय."

नंतरचे दोन दिवस फोनच्या आवाजानं आम्ही दचकत होतो. न्हावी, भटजी, औषधवाला, ज्याला त्याला आतली बातमी होती आणि प्रत्येकाची वेगळी. शेवटी कुसुम वैतागली. फोन घरी ठेवून आम्ही मिठबावला तिच्या आक्काकडे गेलो. आचऱ्यावरून जाणारा तो रस्ता, मधेच डोंगर, मधेच समुद्र. आक्कानं आमच्यासाठी घावणे (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) आणि नारळाचा गोड रस केला होता. पोरीबाळींसारख्या पाटावर बसून जेवत होतो. मी आणि कुसुम एका सुट्टीत इथं राहून गेलो होतो. आंब्याच्या झाडावरून ती पडली होती आणि रडले मी होते, हे आक्काला अजून आठवत होतं.

जेवण चाललं असतानाच आक्काचा मुलगा फोन हातात धरून आत आला. "मावशे, जाहीर झाला," तो म्हणाला.

"कोण?" कुसुमनं विचारलं.

"अनुराधा म्याडम."

कुसुमनं मान हलवली. पानातला घावणा संपवला, रस प्यायली, हात धुतले. मग एकटीच किनाऱ्यावर गेली. मी थोड्या अंतरानं मागं गेले. ती ओल्या वाळूत बसली होती, मोरपिशी नव्हे, साध्या घरच्या साडीत, आणि पदरानं पुन्हा पुन्हा चेहरा पुसत होती. मी शेजारी बसले. 

या सगळ्यात शेवटची बस चुकली. एका मासळीच्या टेम्पोत पुढं बसून परत आलो. पायाशी वितळलेल्या बर्फाचं पाणी.

घरी अंगण भरलं होतं. बाजारातल्या बायका, होडीवाले. "अपक्ष उबी रव," सगळे म्हणत होते. "आमी निवडून हाडतंव तुका."

"मी शब्द दिलंय," कुसुम म्हणाली.

"शब्द पार्टीक दिलंस," बायो म्हणाली. "आमका कोणी विचारल्यान?"

 कुसुमनं पायरीवर बसकण मारली. गोपाळ जाळं विणत होता, त्याचा हात तेवढा थांबला. शेवटी ती म्हणाली, "सकाळी बाजारात बोलूया."

सकाळी आम्ही निघणार, एवढ्यात अनुराधा दारात. एकटी, पायी आलेली. "अर्ज भरायला तुम्ही बरोबर याल का?" तिनं विचारलं. "तुम्ही बरोबर नसलात तर मला या गावात मत कोण देणार?"

"आधी माझ्याबरोबर चला," कुसुम पालिकेत बोलते तसं शुद्ध बोलली आणि तिला थेट मासळीबाजारात घेऊन गेली. एका ओट्याशेजारी पाट टाकून बसवलं. बायका गोळा झाल्या. बायोनं विचारलं, "होडये ठेवचे जागेचा काय? चौपाटी करतलास?"

अनुराधा तिच्याकडे, मग कुसुमकडे बघत राहिली. "मला घरी विचारावं लागेल," ती म्हणाली.

दोघी-तिघी आपापल्या ओट्याकडे वळल्या. मला तिची कीव आली.

"मग विचारून या," कुसुम म्हणाली. "मी इथंच आहे."

ती गेली. बायका म्हणाल्या, ती कसली परत येतेय. कुणी म्हणालं, येईल, पण नवऱ्याला घेऊन. तिथंही अंदाजच. कुसुम कुणाच्या बोलण्यात पडली नाही. बायोच्या ओट्यावर बसून कोळंबी सोलत राहिली.

ऊन चढल्यावर अनुराधा आली. नाक्यावर एक मोटार उभी होती, काचा वर केलेल्या. त्यातून दुसरं कुणी उतरलं नाही. ती सरळ बायोसमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल होते.

"जागा होड्यांचीच राहील," ती म्हणाली. "आणि हे मी घरी विचारून सांगत नाहीये."

बायो कुसुमकडे बघून म्हणाली, "आता तुजा तू बग." कुसुमनं हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाली, "चला."

अर्ज भरायला निघालेल्या त्या मिरवणुकीत मी कडेनं चालत होते. पुढं ढोल, मधे अनुराधा, तिच्या एक पाऊल मागं कुसुम. एका दुकानातून आमच्या शाळेतले जुने सर काठी टेकत खाली उतरले. त्यांच्या हातात झेंडूचा हार होता. तिकीट अनुराधाला मिळालंय हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. ते कुसुमसमोर येऊन थांबले आणि हार वर उचलला. ढोल थांबला. कुसुमनं वाकून त्यांना नमस्कार केला, हार त्यांच्या हातून घेतला आणि अनुराधाच्या गळ्यात घातला. मग सरांचा हात धरून त्यांना पायरीवर बसवलं. ढोल पुन्हा सुरू झाला. त्या वेळचा तिचा चेहरा मी पाहिला आहे. त्याचं वर्णन करायचं नाही असं ठरवलंय.

दुसऱ्या दिवशी निघाले. गाडीत समोरच्या बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. मी कुठून आले हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "काय हो, तुमच्याकडे तिकीट कुणाला मिळालं?" मी नाव सांगितलं. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले आणि पान उलटलं. बाहेर भाताची कापलेली खाचरं मागं पळत होती. 

अनुराधा निवडून आली. परवा कुसुमचा फोन होता. पालिकेच्या पहिल्याच सभेत अनुराधानं होड्यांच्या जागेचा विषय मांडला आणि तिच्याच पक्षाच्या लोकांनी तो पुढच्या सभेवर ढकलला.

"मग आता?" मी विचारलं.

"मगे काय? पुढच्या सभेक लोकांच्या बाकार जावन बसतलंय. बायोक पण न्हेतलंय." मागं लाटांचा आवाज येत होता. "तू कदी येतंस?"

मी गावी आठवणी जाग्या करायला गेले होते. रापण, आक्काचं आंब्याचं झाड, पेज घेऊन धावणारी कुसुम. त्या सगळ्या भेटल्या. पण परत आल्यापासून मला जुनं काही आठवत नाही. ती पुढची सभा कधी आहे, एवढंच डोक्यात असतं. कालच मी रेल्वेचं आरक्षण बघून ठेवलं.