खोटी सुट्टी आणि वडिलांची टोपी

संगणकात शिरून दुसऱ्याच्या नावाने उद्योग करणाऱ्याला हॅकर म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. नव्वदच्या सुमारास आदिलाबादेत आम्ही त्याला सरळ चोर म्हणत होतो. आणि काही महिने तो चोर मी होतो.

एका सरकारी खात्याच्या जिल्हा कचेरीत मी कॉम्प्युटर चालवायला होतो. नोकरी कायम नव्हती, पण कायम करायचा कागद वर गेलेला होता. छतावर मोठी थाळी बसवलेली होती. तिच्यातून आमचं यंत्र हैदराबादच्या मुख्य कचेरीशी जोडलेलं होतं आणि तिथून बाकीच्या जिल्ह्यांशी. अख्ख्या इमारतीत एसी फक्त या खोलीत, त्यामुळे उन्हाळ्यात कामाला येणाऱ्यांपेक्षा घाम वाळवायला येणारेच जास्त. दाराबाहेर चपलांचा ढीग पाहून नवखा माणूस आत कुणाची पूजा चालली आहे का, असं विचारायचा.

पासवर्ड ही गुपित ठेवायची गोष्ट आहे, असं आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं. हैदराबादहून फोन यायचा, लाईनवर खरखर असायची, आणि मी एकेक अक्षर बोंबलून सांगायचो. खालच्या पानठेल्यावाल्यालाही माझा पासवर्ड पाठ झाला असेल. शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवावी, तसंच ते आम्हाला वाटायचं.

एके दिवशी दुपारी सगळ्या जिल्ह्यांच्या यंत्रांवर सर्वांत मोठ्या साहेबांच्या नावाने निरोप आला: उद्या कचेऱ्या बंद. दोन-तीन जिल्ह्यांत लोकांनी खरंच कुलपं लावली आणि ते घरी जाऊन झोपले. लांबून कामासाठी आलेली माणसं तशीच परत गेली. हैदराबादेत मोठे साहेब भडकले. शोधाशोध झाली आणि कळलं, की निरोप आदिलाबादच्या खात्यातून गेला होता. म्हणजे माझ्या.

मी जीव तोडून सांगितलं, की त्या दुपारी गावात लाईट नव्हती, बॅटरीही बसलेली होती आणि यंत्र बंद पडून होतं. आमचे साहेब किनारी आंध्राकडचे. माणूस वाईट नव्हता. पण लाईट तर रोजच जाते, असं ते हिंदीत म्हणाले, आणि हैदराबादहून चौकशीला कोणी येईपर्यंत मला व्हरांड्यात बसायला सांगितलं. चौकशी होणार म्हटल्यावर मला धीर आला होता. आपण केलेलंच नाही, तर भ्यायचं कशाला?

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे. वडील कापसाबरोबर भाजीपाला काढायचे आणि बाजाराच्या दिवशी वांगी-मिरच्या घेऊन आदिलाबादला यायचे. आमच्या कचेरीचा शिपाई त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याने वांगी निवडता निवडता त्यांना सगळं सांगितलं. वडिलांनी पाटी तिथेच शेजारणीच्या स्वाधीन केली आणि ते तडक कचेरीत आले. मी व्हरांड्यात उभा राहिलो. त्यांनी मला एवढंच विचारलं, की साहेब कुठे बसतात.

आत जाऊन त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि हात जोडले.

"साब, लेकरू है. गलती हो गई. पेट में डालो."

आमच्याकडची रीत इथे सांगायलाच हवी. गावात कुठलाही वाद पंचांपुढे गेला, की घरचा कर्ता पुरुष टोपी काढून खाली ठेवतो. खरं कुणाचं नि खोटं कुणाचं, याचा त्याच्याशी संबंध नसतो. टोपी खाली आली, की समोरच्याने पुढे बोलणं शोभत नाही. त्याने ती उचलून परत डोक्यावर ठेवायची, चहा प्यायचा आणि विषय संपवायचा. एकदा शेजाऱ्याचे बैल आमच्या शेतात शिरले होते, उभं पीक खाल्लं होतं, आणि तरी शेजारीच ओरडत होता म्हणून वडिलांनीच टोपी काढली होती. आई आठवडाभर धुमसत होती.

साहेबांना हे काय ठाऊक असणार? त्यांनी पेनाच्या टोकाने टोपी बाजूला सारली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, म्हणजे बापाने कबूल केलं. मी म्हटलं, मी काही केलेलं नाही. त्यांनी विचारलं, मग तुझा बाप खोटं बोलतो का? माझ्यासमोरच त्यांनी हैदराबादला फोन लावला आणि चोर सापडला, आता चौकशीला कोणाला पाठवू नका, असं सांगून टाकलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर वडील टोपी झटकत म्हणाले, "मिटलं आता. जाय, काम कर." ते बाजाराकडे गेले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. सगळ्या जगाने चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण बापाने विचारायचं तरी! त्यांना मी चोरच वाटलो, हे माझ्या मनात पक्कं बसलं. त्या वर्षी पोळ्यालाही मी गावी गेलो नाही. बाजाराच्या दिवशी भाजीच्या गल्लीवरून जायचं टाळू लागलो.

कामावरून काढलं नाही, पण यंत्रापासून उठवून टपालाच्या टेबलावर बसवलं. कायम करायचा कागद अर्थातच अडकला. जो तो येता-जाता विचारायचा, "काऊन गा, उद्या सुट्टी हाय का?" मी हसून घालवायचो आणि मग मागच्या बाजूला जाऊन उगाच पाणी पीत उभा राहायचो. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

शेवटी चोर मीच शोधायचा ठरवलं. यंत्राला हात लावायची बंदी होती, पण फोन बूथ होता. हैदराबादच्या यंत्राच्या खोलीत एक बाई होत्या. त्यांना मी कधी पाहिलेलं नव्हतं, रोज सकाळी लाईन जोडताना फक्त आवाज ऐकायचो. तेलुगूत हिंदी मिसळून बोलायच्या. मी फोन केला तेव्हा आधी त्यांनी कानावर हात ठेवले. मग त्यांनीच विचारलं, की त्या दुपारी लाईट नक्की नव्हती का? मी आईची शपथ घेतली. तेव्हा त्या म्हणाल्या, तुझं खातं मी बंद करत नाही, नुसता पासवर्ड बदलते. कोणाला सांगू नको, मलाही विचारू नको. ज्याने एकदा मजा केली तो पुन्हा येईल, जुनाच पासवर्ड टाकेल, आणि चुकीचा पासवर्ड कुठल्या टेबलावरून टाकला ते मोठ्या यंत्रात उमटतं.

मी दर आठवड्याला फोन करायचो. काही नाही, असं त्या सांगायच्या. पाऊसकाळ संपला, कापसाच्या गाड्या मार्केटला लागल्या, तरी काही नाही. बाईंनी आपल्याला वाटेला लावलं, असंही मला वाटू लागलं. मग एक दिवस त्यांचा आवाज अगदी हळू आला. चोर बाहेरचा नाही, त्या म्हणाल्या. जुना पासवर्ड त्यांच्याच खोलीतल्या दुसऱ्या टेबलावरून टाकला होता.

त्या टेबलावर कोण बसतं, ते मला माहीत होतं. तिथे बसणारा तरुण इंजिनियर पूर्वी आम्हाला यंत्र शिकवायला आदिलाबादला आला होता. मी त्याला गावी नेलं होतं, आणि वडिलांनी शेतात आगटी करून त्याला हुरडा भाजून दिला होता. फोनवर पासवर्ड मी सगळ्यांत जास्त वेळा बोंबलून सांगितला असेल, तर तो यालाच.

बाईंनी आपली नोकरी पणाला लावून हे वर कळवलं. एक मोठे अधिकारी त्या इंजिनियरला घेऊन आदिलाबादला आले. त्याने काहीच लपवलं नाही. ही व्यवस्था किती ढिली आहे ते दाखवायचं होतं, असं तो खुर्चीत रेलून म्हणाला. अधिकारी रागावण्याऐवजी त्याच्या डोक्याचं कौतुक करू लागले, आता असले चोर पकडायचं काम याच्याकडेच देतो म्हणाले. अडचण झाली ती आमच्या साहेबांची. या पोराच्या बापाने कबूल केलं होतं, म्हणून ते अडून बसले. त्या दिवशी बाजार होता; शिपाई धावत गेला आणि वडिलांना घेऊन आला.

अधिकाऱ्यांनी त्यांना हिंदीत विचारलं, की मुलाने केलेलं नसताना केलं असं का सांगितलंत? वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, इंजिनियरकडे पाहिलं. गावची रीत त्यांनी सांगितली नाही.

"साब, मैं अडानी आदमी," ते म्हणाले. "मेरा बोलना मत धरो."

खोलीत सगळे हसले. हुरडा खाऊन गेलेला तोही हसला. दोन वाक्यांत मी समजावून सांगू शकलो असतो, मला भाषा येत होती. पण माझं काम होत आलं होतं, माझा जीव भांड्यात पडला होता, आणि मळक्या धोतरातला तो माणूस लवकर बाहेर जावा असं मला वाटत होतं. म्हणून मीही त्यांच्याबरोबर हसलो.

बसस्टँडपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेलो. बस लागली तेव्हा मनातलं इतक्या महिन्यांचं बाहेर पडलं. मी विचारलं, "बाबा, तुमाले खरंच वाटलं होतं का, मी केलं म्हून?"

त्यांना माझा प्रश्नच कळेना. मग ते म्हणाले, "तू केलं असतं त मी आलोच नसतो. चोरासाठी कोन हात जोडते?"

कंडक्टर घाई करत होता. ते रिकामी पाटी घेऊन वर चढले आणि खिडकीपाशी बसले. मला काहीतरी बोलायचं होतं, पण खोलीत हसताना त्यांनी मला पाहिलं होतं.