सिसाची बादली

देल्फिना तोआकिसा रागीट होती हे आमच्या गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. तिच्या अंगणापुढून कुत्री शेपूट घालून जात. पण तिचा राग दुधासारखा उतू जाऊन बसणारा. ज्याला शिव्या घातल्या त्यालाच थोड्या वेळाने ती बटाट्याचं गरम सूप वाढायची. एकच राग तिने कधी बसू दिला नाही. तो आला तेव्हा मी तिच्याशेजारीच उभी होते.

तिने लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण ओर्तेन्सिया तिसऱ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. नवरा त्याआधीच किनाऱ्याकडे केळीच्या बागांत कामाला गेला होता, तो फिरकलाच नाही. पाच वर्षांची सिसा आणि तिचा धाकटा भाऊ वायरा देल्फिनाच्या पदरात आले. तिने कुरकुर केली नाही. फक्त मेव्हण्याच्या नावाने रोज एक शिवी ठरवून टाकली.

त्याच वर्षीची गोष्ट. मृतांचा दिवस जवळ आला होता. त्या दिवशी कबरीवर कोलादा न्यायची असते, काळ्या मक्याच्या पिठाची दाट, गोड, जांभळी पेज. आणि कोलादा म्हटली की मोर्तिन्यो हवीत, करवंदाहून लहान, निळसर काळी, आमच्या वरच्या गवताळ डोंगरावर आपोआप उगवणारी रानफळं. बाजारात मिळतात. पण देल्फिना म्हणाली, आईची पहिली कोलादा आहे, पोरांनी आपल्या हाताने तोडलेली फळंच त्यात पडतील.

ती, दोन पोरं आणि मी शेजारीण, असे आम्ही चौघं सकाळी वर चढलो. डोंगराला नवी काटेरी तार होती. ती खालच्या गुलाबांच्या मळ्याच्या मालकाने घातली होती. त्याने तो डोंगर कुणाकडून कसा घेतला ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या आज्या-पणज्या तिथे मेंढ्या चारत आल्या. देल्फिनाने पायाने तार दाबली, पोरांना पलीकडे उतरवलं आणि म्हणाली, "चला. डोंगर कुणाच्या बापाचा नाही."

थंडीने पोरांचे गाल सोलून निघाले होते, पण हात थांबत नव्हते. वायराचं एक फळ बादलीत तर दोन तोंडात. सिसा मात्र एकही खात नव्हती. तिची छोटी बादली काठोकाठ भरत आली, तेवढ्यात मोटरसायकलवरून राखणदार आला. हेल्मेट काढल्यावर कळलं, नेप्ताली. त्याच्या बाप्तिस्म्याला देल्फिना त्याची धर्माची आई झाली होती. लहानपणी याच उतारावर, याच फळांसाठी, तिने त्याला पाठीवर बांधून आणलं होतं.

त्याने सांगितलं, इथे यायला बंदी आहे, सगळं ओता आणि निघा. देल्फिना म्हणाली, "गणवेश चढवला म्हणून धनी झालास होय रे?" नेप्तालीने वरच्या रस्त्याकडे पाहिलं. तिथे मालकाची जीप उभी होती. मग तो वळला आणि त्याने सिसाच्या बादलीला लाथ मारली. फळं चिखलात सांडली, त्यांच्यावर त्याचा बूट पडला.

वायराने भोकाड पसरलं. सिसा रडली नाही. ती खाली बसून चिखलातून एकेक दाणा वेचू लागली. मला वाटलं, आता देल्फिना याचं थोबाड फोडणार. तिचा हात उचललाही गेला होता. पण तिने तो खाली आणला आणि सिसाशेजारी बसली. त्याच्या बुटाला टेकून पडलेली फळंसुद्धा तिने वेचली, त्याला बाजूला हो न म्हणता. तो तसाच खांबासारखा उभा.

घरी आल्यावर तिने पाण्यावर पाणी घालून फळं धुतली. पोरांना परातीपुढे बसवलं. पोरं गवताच्या काड्या आणि खडे काढत होती. चुलीवर अननसाच्या साली, दालचिनी, लवंग, गवती चहा उकळत होता. देल्फिना चेचलेली फळं फडक्यातून असं पिळत होती की जणू कुणाची मान हातात आली आहे. सिसाने विचारलं, "मावशी, तो काका आपला कोण?"

"कोणी नाही."

मग मृतांच्या दिवसासाठी करतात त्या पावाच्या बाहुल्या करायला घेतल्या. सिसाने एका बाहुलीच्या पोटावर कणकेची छोटी बाहुली चिकटवली आणि म्हणाली, ही आई. देल्फिनाने चुलीत लाकूड असं कोंबलं की ठिणग्या उडाल्या. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

मृतांच्या दिवशी आम्ही कबरीवर कोलादा ठेवली, सगळ्यांना वाटली. दुपारी नेप्ताली बायको-पोराला घेऊन देल्फिनाच्या घरी आला. दरवर्षीसारखा दारात गुडघे टेकून त्याने आशीर्वाद मागितला. म्हणाला, "माय, नोकरी आहे. मालक वरून बघत होता."

"कुंपण राखायची नोकरी ना? राख. आम्हाला हाकलायचं होतं, हाकललं असतंस. लाथ मार म्हणून सांगितलं होतं त्याने?"

नेप्ताली म्हणाला, "नाही."

"मग ती लाथ तुझी."

तिने त्याला आणि त्याच्या बायकोला कोलादाची वाटी दिली, पोराला बाहुली दिली, नेप्तालीची वाटी रिकामी झाल्यावर पुन्हा भरली. मग त्याला म्हणाली, "ऊठ आता. गुडघे दुखतील." डोक्यावर हात ठेवला नाही.

पुढच्या गावसभेत ती सिसाला कडेवर घेऊन उभी राहिली आणि मळ्यात कामाला जाणाऱ्या बायांना एवढंच म्हणाली, की हिच्या बादलीला लाथ बसली, तुमची पोरं डोंगरावर गेली तर त्यांचंही हेच होणार. दुसऱ्या दिवसापासून मळ्यात कुणी गेलं नाही. मालकाने पोलिसांची गाडी आणली, धमक्या दिल्या. गुलाब झाडावरच उमलून वाया जायला लागले तेव्हा त्याने डोंगराला फाटक केलं आणि गावाला वाट मोकळी दिली. दयेने नव्हे, हे देल्फिना आजही ओरडून सांगते.

फाटकावर नेप्तालीच असतो. आम्हाला बघितलं की टोपी काढतो. पाद्री देल्फिनाला म्हणाले, त्याला माफ कर बाई, देवाला आवडेल. ती म्हणाली, "मग देवाने करावं."

सिसा आता त्याला नमस्कार करते. देल्फिना तिला अडवत नाही. स्वतः मात्र मान न वळवता पुढे जाते, आणि चढ संपेपर्यंत तिच्याशी बोलायची माझी छाती होत नाही.