व्हर्ननने दिलेला शब्द

व्हर्नन स्टकी आमच्या कॉलेजात आला तेव्हा बावीस वर्षांतली ती त्याची सातवी नोकरी होती. अमेरिकन फुटबॉलच्या टीममधल्या पुढच्या फळीतल्या धिप्पाड गड्यांना शिकवणारा असिस्टंट कोच. मुख्य कोचची गच्छंती झाली की असिस्टंटांचंही बिऱ्हाड हलायचं, आणि व्हर्ननची बायको ग्लेंडा नव्या गावातल्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून शिकवायला लागायची. मिसिसिपीत, आमच्या गावात, तिने घर विकत घ्यायला लावलं आणि आता इथून हलायचं नाही असं बजावलं. मी टीमची हेल्मेटं आणि पॅड सांभाळायचो. व्हर्नन रोज सकाळी माझ्या खोलीत कॉफी प्यायला यायचा.

चौथ्या वर्षी आम्ही नऊ सामने जिंकलो. जिंकणाऱ्या टीमची माणसं कोण काढतंय, म्हणून सगळे निर्धास्त होते.

त्याच नोव्हेंबरात व्हर्नन आमच्याच राज्यातल्या डेल्टा भागात ओडेसा प्रुइटबाईंच्या घरी गेला. त्यांचा मुलगा डेमेट्रियस आम्हाला टीमसाठी हवा होता, आणखी दोन कॉलेजांनाही हवा होता. बाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. त्यांनी कोंबडी तळली, मक्याचा पाव केला, आणि जेवणं झाल्यावर एवढंच विचारलं की चारही वर्षं माझ्या पोराजवळ तुम्ही असाल ना? व्हर्नन हो म्हणाला.

डिसेंबरात एका बुधवारी पोराने आमच्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या करारावर सही केली. शुक्रवारी आमचे मुख्य कोच बर्डेट दुसऱ्या मोठ्या कॉलेजात निघून गेले. व्हर्ननला ते टायरच्या दुकानातल्या टीव्हीवर कळलं. बर्डेट आपल्याला बोलावून घेतील म्हणून तो आठवडाभर फोन खिशातून काढून काढून बघत होता. फोन आला नाही. नवा कोच स्वतःची माणसं घेऊन आला, व्हर्ननशी चार मिनिटं बोलला, तुझी जागा भरलीय म्हणाला आणि हात मिळवून मोकळा झाला. व्हर्ननला दिलेली कॉलेजची गाडीही त्याच दिवशी परत गेली.

म्हणून मला डेल्टात नेऊन सोड म्हणाला. फोनवर सांग की, मी म्हटलं.

"त्या बाईंच्या टेबलाशी बसून बोललोय मी," तो म्हणाला. "फोनवर कसं सांगू?"

वाट दोन तासांची होती. प्रुइटबाईंनी आम्हाला आत घेतलं, बसवलं. व्हर्ननने सगळं सांगितलं. पोर दारात उभं राहून ऐकत होतं.

"मग याने आता दुसरीकडे जावं का?" बाईंनी विचारलं.

"सही झालीय, बाई. ते सोडवणं माझ्या हातात नाही."

"तुमच्या हातात काय आहे, कोच?"

बाई रागावल्या नाहीत. "खोटं नाही बोललात तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण जे तुमचं नव्हतंच, ते देऊन बसलात." मग त्यांनी आम्हाला चहा विचारला. गारेगार, साखरेचा. आम्ही दोघांनी तो संपवला.

फेब्रुवारीत व्हर्ननला कॅन्ससमध्ये एका लहान कॉलेजात जागा मिळाली. ग्लेंडा गेली नाही. भांडलीही नाही, त्याचे शर्ट घड्या घालून बॅगेत भरून दिले आणि शाळेला गेली.

डेमेट्रियसचा गुडघा दुसऱ्याच सामन्यात गेला. नव्या कोचने त्याला निवडलेलं नव्हतं, त्यामुळे वर्षअखेरीला त्याची शिष्यवृत्ती गेली. त्याचं हेल्मेट मीच परत घेतलं. व्हर्ननला मी फोनवर सांगितलं. त्याने एवढंच विचारलं की कोणत्या पायाचा गुडघा, आणि मी डावा म्हणालो.

तिकडेही त्याला पोरांच्या घरी जावं लागतंच. आयांनी विचारलं की तो सांगतो, मी किती दिवस आहे ते मलाच ठाऊक नाही. बरीच पोरं मग दुसरीकडे सही करतात, आणि त्याचा मुख्य कोच त्याला सगळ्यांसमोर झापतो. सोडून का देत नाहीस, असं मी एकदा विचारलं. एकोणपन्नास वर्षांचा झालो, म्हणाला, आणि मला दुसरं काहीच येत नाही.

या शरदात त्यांची टीम सलग सहा सामने हरली आहे. ग्लेंडाने मला विचारलं, याचा अर्थ काय होतो. इतकी बिऱ्हाडं हलवलेल्या तिला तो अर्थ माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे.