गोजरबाईनं घेतलेलं नाव

बारामतीच्या माळी आळीत मत ही काही एकट्यादुकट्याची वस्तू नव्हती. सगळ्या आळीची मतं एकाच पाटीत पडायची, आणि ती पाटी कुणाच्या दारात उतरवायची ते आळीचे म्हातारे पंच तात्याबा ठरवायचे. निवडणूक आली की मारुतीच्या देवळात बाप्ये जमत, एकेक जण बेलभंडार उचलून शपथ घेई. मग कुणाचं मन कुठं कललंय हे विचारायची गरजच राहत नसे.

छत्तीस साली म्युनिसिपालटीच्या निवडणुकीत दोन चुलतभाऊ समोरासमोर उभे राहिले, मोहनराव राऊत आणि रामहरी राऊत. आळीची भाजी मोहनरावांच्या अडतीवर जायची, त्यामुळे आळी कुणाची हे सांगायला ज्योतिषी नको होता. रामहरी राऊतानं मात्र एकच गोष्ट कबूल केली होती. आळीच्या तोंडाशी नळ आणीन म्हणाला.

ती गोष्ट गोजरबाईच्या मनात घर करून बसली. दिवसाला सहा घागरी कऱ्हेतनं आणून तिची मान ताठली होती. आणि मत होतं तिचं स्वतःचं. ती बापाला एकुलती एक. घर तिच्या नावावर, घरपट्टी तिच्या नावावर, म्हणून मतदारांच्या यादीत आळीतली ती एकटीच बाई. नवरा पंचवीस वर्षांपूर्वी निरवांगीहून घरजावई म्हणून आला, त्याला मत नव्हतं. एवढी वर्षं त्यानं आळीत वाफे खणले, तरी लोक त्याला 'निरवांगीकर पाव्हणं'च म्हणत. भला माणूस, पण त्याचं नाव काय हे निम्म्या आळीला आठवत नसे.

त्याचं नाव रामहरी.

गोजरबाईनं ते नाव घेण्याचा प्रश्नच नव्हता. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला आईनं शिकवलेलं. बाजारात रामफळं विकायला बसली तरी 'सीताफळाचा भाऊ घ्या' म्हणून ओरडायची. गिऱ्हाईक हसायचं, पण फळं खपायची.

देवळात तात्याबांनी पाव्हण्यासमोर भंडार धरला. "गोजरच्या वतीनं तुमी उचला."

"घर तिचं, मत तिचं," पाव्हणा खाली बघत म्हणाला. "मी कशी शपथ घेऊ, तात्याबा?"

लोक चपापले. एवढं लांबलचक वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. तात्याबा मात्र गालात हसले. "ऱ्हाऊ द्या. दुसरं नाव तिच्या तोंडातनं निघायचं न्हाय. बोललीच तर मोहनराव म्हणंल."

म्हातारा बेरकी खराच. ज्याला लिहितावाचता येत नाही त्यानं टेबलाशी जाऊन उमेदवाराचं नाव तोंडानं सांगायचं, मग साहेब कागदावर फुली मारणार, अशी रीत होती.

मताच्या दिवशी शाळेच्या ओसरीवर रांग लागली. पाव्हणा बाहेर खिडकीपाशी उभा राहिला. गोजरबाई पदर सावरून टेबलापुढं गेली.

"कुणाला मत?" साहेबानं विचारलं.

"राऊतास्नी."

"दोघेही राऊतच आहेत, बाई."

"नळवाल्यास्नी."

"नाव सांगा. मी सुचवायचं नाही, तसा कायदा आहे."

मागं रांगेत तात्याबा खाकरले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मोहनराव म्हन आन् सुट, बाई!" आणि हशा पिकला. त्या हशानं तिच्या डोक्यात तिडीक गेली. नवऱ्याचं नाव आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. उखाण्यात घेतलेल्या नावाला दोष लागत नाही, हेही आईनंच शिकवलेलं. तिनं डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"कऱ्हेच्या पाण्यानं भरल्या घागरी, माझ्या कुंकवाचा धनी रामहरी!"

साहेबाची लेखणी हातातच राहिली. "बाई, मत उमेदवाराला द्यायचंय. हे तर तुमच्या यजमानांचं नाव घेतलंत!"

"नाव एकच हाय, सायेब. तुमी फुली मारा."

साहेबानं फुली मारली. गोजरबाई बाहेर आली तर खिडकीपाशी कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मतं मोजली. माळी आळीची चाळीस मोहनरावांना, एक रामहरी राऊताला. मोहनराव निवडून आले. ते एक मत कुणाचं हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. तात्याबांनी गोजरबाईशी बोलणं टाकलं, आणि नळाचं पाणी आळीच्या तोंडाला काही लागलं नाही. गोजरबाईला वाईट वाटलं, फार वाटलं. एवढं धाडस केलं आणि घागर डोक्यावरची उतरली नाही.

निकालाच्या दुसऱ्या सकाळी ती उठली तर घागरी जागेवर नव्हत्या. दारात आली तेव्हा कऱ्हेच्या वाटेनं नवरा येत होता, दोन्ही खांद्यांवर घागरी. बाप्या माणूस पाणी वाहतोय म्हणून आळी दारादारातनं बघत होती. त्यानं घागरी उतरवल्या आणि हळूच म्हणाला, "लगीन झाल्यापास्नं पंचवीस वर्सांत हितं कुनी माझं नाव घेतलं न्हवतं. तू घेतलंस, ते बी साऱ्या आळीदेखत."

गोजरबाई लाजली. "मत द्याचं हुतं म्हून घेतलं."

"व्हय, ठावं हाय," तो म्हणाला. "तरी आनखी एकडाव घे की. मी पुन्यांदा जातो पान्याला."

तिनं आळीकडं एकदा बघितलं, आणि उखाणा न घालता नाव घेतलं.