मधलं नाव

बाई मूळच्या कोलंबियाच्या. आठवडाभर लंडनच्या एका शाळेत स्पॅनिश शिकवायच्या आणि शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये आपल्या लोकांना इंग्रजी. ही सगळी ऑफिसांची साफसफाई करणारी माणसं. त्यांना शिकवण्यापेक्षा त्यांच्यासाठी वकील गाठणं, मालकांशी भांडणं यातच बाईंचा जास्त वेळ जाई. दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी वेम्बलीहून तिथे मदतीला जायचे. पुण्यात बँकेत नोकरी केलेली. फॉर्म भरण्यात माझा हात कोण धरणार, असा तोरा होता.

वर्गातल्या एका तरुण आईचा इथे राहण्याचा अर्ज नामंजूर झाला. मुलगी इथल्याच शाळेत होती. अपिलाला चार दिवस उरलेले आणि बाई दुसऱ्या कुणासाठी पोलीस स्टेशनला गेलेल्या, म्हणून फॉर्म मी भरला. केस नंबरचं पत्र ती घरी विसरली होती. म्हटलं, नावावरून सापडेल. नाव तीन शब्दांचं. मधलं वडिलांचं आणि शेवटचं आडनाव, हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? मधल्याचं मी नुसतं आद्याक्षर टाकलं. तिने विश्वासाने सही केली.

त्यांच्यात वडिलांचं आडनाव मधे येतं आणि आईचं शेवटी. तिची फाइल मधल्या नावावर होती. अशी व्यक्ती सापडत नाही, असं म्हणून फॉर्म परत आला, तोवर मुदत उलटली होती. वकील झाले, विनवण्या झाल्या. मायलेकींना परत पाठवलंच.

पुढच्या शनिवारी लोक चिडून उभे होते. फॉर्म कुणी भरला?

"मी," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मी सांगते त्यांना खरं."

"नको. मग ते परक्या माणसाची मदत कधीच घेणार नाहीत."

मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

वर्ग हळूहळू रिकामा झाला, मग बंद पडला. आम्ही दोघी कधी बाजारात गेलो की तीच माणसं बाईंना पाहून तोंड फिरवायची आणि मला मात्र हसून हात करायची. मीही हात करायचे.